लेप्टो, डॉक्सीच्या गोळ्या आणि रिग्रेशन: गोळ्या वाटलेल्या गावांत रुग्ण जास्त कसे?

तरवा

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, लांबला तर सांभाळून घ्या.

मी कुडाळ तालुक्यातली. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण चालू आहे आणि प्रबंधाला लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मुतातून चिखल-पाण्यात पसरणारा ताप, थोडक्यात लेप्टो) घेतलाय. आमच्याकडे हा विषय पुस्तकातून शोधावा लागत नाही. आषाढात गुडघाभर चिखलात लावणी, बांधाला उंदरांची बिळं, पायाला कुठेतरी चीर. मग ताप, पोटऱ्या धरतात, डोळे लाल होतात. दर पावसाळ्यात ओळखीतलं कुणीतरी दवाखान्यात असतंच.

माझ्याकडे दोन तक्ते आहेत. पहिला गावनिहाय: दोन पावसाळ्यांतले रुग्ण, जनगणनेची लोकसंख्या, भाताखालचं क्षेत्र, आणि त्या गावात लेप्टो टाळायला देतात त्या डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या वाटल्या की नाही. दुसरा घरोघरी विचारून भरलेला: या मोसमात ताप आला का, गोळी घेतली का, लावणीला किती दिवस गेलात, गमबूट होते का, पायाला जखम होती का.

गावांच्या तक्त्यावर आधी साधं लिनियर रिग्रेशन (एका आकड्याचा बाकीच्या गोष्टींशी संबंध सरळ रेषेने मोजणारं मॉडेल) चालवलं. लहान गावांसाठी त्याने उणे रुग्ण सांगितले, म्हणून ते सोडलं. मग पॉयसन, म्हणजे मोजून येणाऱ्या संख्यांसाठीचं मॉडेल. त्यात गोळ्या वाटलेल्या गावांत रुग्ण *जास्त* निघाले, आणि पी-व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) इतकी लहान की शंकेला जागाच नाही. त्याच जातीचं, पण आकड्यांच्या पसाऱ्याला मोकळीक देणारं निगेटिव्ह बायनॉमियल चालवल्यावर दिशा तीच राहिली, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं उत्तर ज्या टप्प्यात असावं तो) एवढा रुंद झाला की 1, म्हणजे ‘काहीच फरक नाही’, त्याच्या आत आला. मार्गदर्शक म्हणाले, दोघांतला ज्याचा एआयसी (मॉडेल आकड्यांना किती जुळतं याचं माप, कमी तितकं चांगलं) कमी तो ठेव आणि पुढे जा.

मला पुढे जाता येत नाहीये. माझी आई दर वर्षी लावणीला उतरते आणि आरोग्यसेविकेने दिलेली गोळी आठवड्यातून एकदा न चुकता घेते. माझ्या प्रबंधात गोळीने आजार वाढतो असं निघालं, तर मी तिला काय सांगू?

कातळसडा

धागा वाचून गावची आठवण झाली. मी मूळचा राजापूरचा, सध्या पुण्यात, काम आकडेशास्त्राचं. आधी पॉयसन आणि निगेटिव्ह बायनॉमियलचं बघू, कारण तिथे तुमच्याकडून चूक झालेली नाही. दोन मॉडेल दोन वेगळ्या गोष्टी गृहीत धरतात, एवढंच.

पॉयसनची अट अशी की सरासरी आणि व्हेरियन्स (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) सारखे असले पाहिजेत. 1898 मध्ये बोर्टकीविच यांनी प्रशियाच्या सैन्यात घोड्याची लाथ बसून मेलेल्यांचे आकडे या वितरणात बसवून दाखवले. लाथेने मरणारे सैनिक एकमेकांशी संबंध नसलेले, त्यामुळे तिथे ते छान बसलं. लेप्टो तसा येत नाही. एका वाडीचा एकच व्हाळ (ओढा) असतो, तेच उंदीर, तेच कुणगे (भाताचे वाफे), आणि माणसं एकमेकांच्या लावणीला जातात. रुग्ण येतात ते झुबक्याने.

हिशेबासाठी दहा गावं कल्पून घ्या, रुग्ण असे: 0, 0, 0, 1, 0, 2, 0, 0, 9, 0. सरासरी 1.2. व्हेरियन्स काढा, जवळपास 8 येतो. पॉयसन समजतो की तोही 1.2 आहे. म्हणजे सरासरीची जी स्टँडर्ड एरर (ती किती चुकू शकते याचा अंदाज) तो 0.35 सांगेल ती खरी 0.89 आहे, अडीचपट. पी-व्हॅल्यू एवढीशी दिसते ती याच खोट्या आत्मविश्वासामुळे. याला ओव्हरडिस्पर्शन म्हणतात. निगेटिव्ह बायनॉमियल व्हेरियन्सला जागा देतो: सरासरी अधिक अल्फा गुणिले सरासरीचा वर्ग. अल्फा शून्य धरला की पुन्हा पॉयसनच उरतो. तुमचा इंटरव्हल रुंद झाला तो विदेचा (डेटाचा) प्रामाणिकपणा आहे, त्याला घाबरू नका.

‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर पॉयसन बसवल्यावर पिअर्सन काय-स्क्वेअरला (मॉडेलचा अंदाज आणि खरे आकडे यांतल्या तफावतीचं माप) डिग्रीज ऑफ फ्रीडमने (तक्त्यातल्या ओळी वजा मॉडेलने काढलेले आकडे) भागा. उत्तर 1 च्या आसपास नसून 3, 4, 6 असं आलं तर पॉयसन तिथेच सोडा.

जाता जाता एक गोष्ट, मला फार आवडणारी. या सगळ्या मॉडेलांना एका छपराखाली आणणारा नेल्डर आणि वेडरबर्न यांचा जनरलाइज्ड लिनियर मॉडेलचा लेख 1972 चा. एखादी घटना घडेपर्यंतच्या काळासाठीचं कॉक्सचं प्रपोर्शनल हॅझर्ड्स मॉडेलही 1972 चंच. आणि आपलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ सुरू झालं तेही 1972 मध्येच.

सुरंगी

कातळसडा यांच्याशी सहमत. मी जीवसांख्यिकी शिकवते, म्हणून एक शिक्षकी प्रश्न: तरवा, लोकसंख्या मॉडेलमध्ये कशी घातलीस? इतर चलांसारखी एक चल म्हणून, की ऑफसेट म्हणून?

गावागावातले रुग्ण तोलायचे तर दर हवा. लोकसंख्येचा लॉग ऑफसेट म्हणून दिला की त्याचा सहगुणक (मॉडेलने चलाला दिलेलं वजन) 1 वर बांधला जातो आणि मॉडेल दरावर काम करतं. नुसती चल म्हणून टाकलीस तर मॉडेल तिचा सहगुणक स्वतः ठरवतं आणि बाकीच्या चलांचा अर्थ सरकतो.

पण खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कोणती लोकसंख्या? 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची 8,49,651 होती. त्यातले चिखलात उतरणारे किती? बाजारपेठेचं गाव आणि भाताचं गाव एकाच मापाने मोजलंस तर बाजाराच्या गावाचा दर उगाच कमी दिसेल. लावणीला जाणाऱ्यांची संख्या, ती नसेल तर निदान भाताखालचं क्षेत्र, छेदात आणता येतं का बघ. शिवाय गणपतीत चाकरमानी येतात. त्या दहा-पंधरा दिवसांत गाव दुप्पट दिसतो, काही जण शेतातही उतरतात, आणि ताप येतो तेव्हा ते मुंबईत परत गेलेले असतात. लेप्टोची लक्षणं दिसायला साधारण 5 ते 14 दिवस लागतात. असा रुग्ण तुझ्या तक्त्यात येणारच नाही.

खाडीकाठ

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. सुरंगीताईंच्या मुद्द्याला जोड: आपल्या दक्षिण टोकाचे बरेच रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. राज्याची हद्द ओलांडली की ती नोंद गावाच्या यादीत परत यायला वेळ लागतो. सीमेजवळच्या गावांचे आकडे वापरताना हे लक्षात असू द्या. शिवाय संशयित, संभाव्य आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. तुम्ही कोणते घेतलेत? एका गावाचे संशयित आणि दुसऱ्याचे सिद्ध असं झालं असेल तर कुठलंच मॉडेल मदतीला येणार नाही.

तरवा

सिद्ध झालेलेच घेतलेत, डॉक्टर. लोकसंख्या मात्र चल म्हणून टाकली होती. आज ऑफसेट देऊन पाहिलं, पॉयसनमधला गोळ्यांचा परिणाम थोडा खाली आला, पण दिशा बदलली नाही. गोळ्यांची गावं अजून वाईटच दिसतायत.

सायकलस्वार

मला तुमचं रिग्रेशन समजत नाही. मी आरोग्यसेवक होतो, आता निवृत्त. तीस वर्षं सायकलवर गोळ्या आणि रक्ताच्या काचा घेऊन फिरलो. विचारू का नको करत होतो, पण विचारतोच.

मुली, त्या गोळ्या कुठे वाटतात ठाऊक आहे ना? जिथे रुग्ण सापडला तिथे. एका वाडीत कुणी लेप्टोने आजारी पडला की दुसऱ्या दिवशी आमचं पथक त्या वाडीत. आजूबाजूच्या घरांना गोळ्या, तापाचं सर्वेक्षण, रक्ताचे नमुने. पलीकडच्या गावचे लोक रस्त्यात अडवून विचारायचे, “आमका गोळये कधी गावतले?” साठा पुरेसा असला तर त्यांनाही देत असू, नसला तर जिथे आजार तिथे आधी.

तेव्हा गोळ्यांच्या गावात रुग्ण जास्त असणारच. रुग्ण जास्त म्हणून तर गोळ्या गेल्या. आणि पथक गेलं की घरोघरी ताप शोधतात, रक्त घेतात, त्यामुळे एरवी अंगावर काढला गेला असता असा रुग्णही सापडतो. जिथे आम्ही गेलोच नाही तिथे शून्य लिहिलेलं असतं.

कातळसडा

काका, पाया पडतो. माझ्या इतक्या लांब पोस्टमध्ये जे नव्हतं ते तुम्ही चार ओळीत सांगितलंत.

तरवा, याला कन्फाउंडिंग बाय इंडिकेशन म्हणतात. औषध दिलं जातं तेच मुळी धोका आहे म्हणून, मग औषधाच्या गटात आजार जास्त दिसतो. तुमच्या तक्त्यात ‘गोळ्या वाटल्या: हो किंवा नाही’ असा एकच रकाना आहे. आधी रुग्ण की आधी गोळी हे त्यात राहिलेलं नाही. पॉयसन, निगेटिव्ह बायनॉमियल, आणखी काहीही चालवा, ही माहिती तक्त्यातच नाही तर मॉडेल ती कुठून आणेल? एआयसी फक्त इतकंच सांगतो की दिलेल्या आकड्यांना कोणतं मॉडेल जास्त जवळ जातं. कारण आणि परिणाम उलटे लागलेत का, हे त्याला दिसत नाही.

गोळीबद्दल आईला सांगायचं असेल तर खरे प्रयोग झालेले आहेत. 1984 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पनामाच्या जंगलात सरावाला गेलेले 940 अमेरिकी सैनिक होते. अर्ध्यांना आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सी, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. नुसत्या गोळीच्या गटात 20 जणांना लेप्टो झाला, डॉक्सीच्या गटात एकाला. कुणाला कोणती गोळी हे तिथे चिठ्ठ्यांनी ठरलं होतं, रुग्ण कुठे सापडला यावर नाही.

खाडीकाठ

त्याला आपल्या देशातली जोडही द्यायला हवी. 2000 साली अंदमानातल्या अभ्यासात डॉक्सीने संसर्ग थांबला नाही, पण आजार होऊन पडणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. म्हणजे ‘परिणाम’ म्हणून रक्तातली प्रतिपिंडं मोजलीत की प्रत्यक्ष आजारपण, यावर उत्तर बदलतं. सैनिक काही आठवडे जंगलात होते. आपल्या शेतकऱ्याचा चिखलाशी संबंध जूनपासून कापणीपर्यंत असतो. आईंना म्हणावं गोळी चालू ठेवा, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि ताप आला तर गोळी घेतेय म्हणून घरी थांबू नका.

आता घरोघरीच्या तक्त्याकडे वळू. तिथे तुम्ही बहुधा लॉजिस्टिक (होय-नाही उत्तरांसाठीचं रिग्रेशन) वापरलं असणार आणि ऑड्स रेशो लिहिणार असाल. ऑड्स म्हणजे झालेले भागिले न झालेले. परिषदांमध्ये दरवर्षी ऐकतो: “जखम असलेल्यांना ताप येण्याची शक्यता सव्वादोनपट.” ते वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. समजा जखम असलेल्या 100 जणांपैकी 60 जणांना ताप आला आणि जखम नसलेल्या 100 पैकी 40 जणांना. जोखीम दीडपट झाली, 60 भागिले 40. ऑड्स रेशो मात्र 60/40 ला 40/60 ने भागून येतो 2.25. आता तापाऐवजी दुर्मीळ गोष्ट घ्या, 100 पैकी 2 आणि 100 पैकी 1. रिस्क रेशो 2, ऑड्स रेशो 2.02. आजार दुर्मीळ असला की दोन्ही एकच, नेहमीचा असला की फारकत. पावसाळ्यातला ताप आपल्याकडे दुर्मीळ नाही.

सुरंगी

डॉक्टरांनी अगदी नेमकं सांगितलं. याचा उपाय असा: ताप नेहमीचा असल्यामुळे थेट रिस्क रेशो देणारं मॉडेल घे. लॉग-बायनॉमियल हे त्याचं पाठ्यपुस्तकी नाव. ते अनेकदा अडकतं, कन्व्हर्ज होत नाही, कारण लॉगच्या वाटेने जोखीम 1 च्या वर जाऊ शकते आणि गणित तिथे धडकतं. तसं झालं तर होय-नाही परिणामावरच पॉयसन चालव आणि स्टँडर्ड एरर रोबस्ट घे. झोऊ यांनी 2004 मध्ये ही पद्धत मांडली आणि साथरोगशास्त्रात ती आता सर्रास वापरतात. वर पॉयसनला बाद केलं आणि इथे त्यालाच बोलावतेय, हे विसंगत वाटेल. तिथे त्याच्या व्हेरियन्सवर आपण विश्वास ठेवत होतो. इथे विश्वास फक्त सरासरीच्या रचनेवर आहे, व्हेरियन्स विदेतून वेगळा काढतोय.

लॉजिस्टिक वाईट मॉडेल आहे असं मात्र नको समजू. केस-कंट्रोल अभ्यासात रुग्ण आणि निरोगी आपणच ठरवून निवडतो, तिथे जोखीम काढताच येत नाही आणि ऑड्स रेशोच योग्य ठरतो.

आणखी एक, आणि हे तुझ्या परीक्षकांनी विचारलंच पाहिजे. एका वाडीतून किती माणसं घेतलीस? समजा 20. एकाच वाडीतली माणसं एकमेकांसारखी असतात. त्यांचा इंट्राक्लास कोरिलेशन फक्त 0.05 धरला तरी डिझाइन इफेक्ट 1 अधिक 19 गुणिले 0.05, म्हणजे 1.95. 400 जणांना विचारलंस तर माहिती जेमतेम 205 जणांएवढी. वाडीचा क्लस्टर मॉडेलला सांगावा लागेल. लियांग आणि झेगर यांचं 1986 चं जीईई (अशा गटागटाच्या विदेसाठीची पद्धत) घे, किंवा वाडीला रँडम इफेक्ट (प्रत्येक वाडीचा स्वतःचा कमी-जास्त फरक) दे. जीईई सगळ्या गावाच्या सरासरीबद्दल बोलतं, रँडम इफेक्ट त्या वाडीतल्या माणसाबद्दल. आरोग्य विभागाला काय करावं सांगायचं असेल तर मी जीईई घेईन.

तिलारी

दोडामार्गातून लिहितोय. आमच्याकडे 2016 पासून माकडताप (गोचिडांतून पसरणारा विषाणूचा ताप) आहे. काजूचा हंगाम आणि तापाचा हंगाम एकच, माणसं बागेत जातात आणि गोचीड घेऊन येतात. मीही गावांचे आकडे जमवतो, छंद म्हणून म्हणा. बहुतेक गावांत शून्य. मी झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन वापरलं, ते मस्त बसतं. तरवा यांनी ते का नाही वापरत? त्यांच्याही तक्त्यात शून्यं बरीच असणार.

कातळसडा

तिलारी, माकडतापासाठी तुमचं म्हणणं पटतं, लेप्टोसाठी नाही. झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल म्हणतं की शून्यं दोन जातींची आहेत: जिथे आजार होऊच शकत नाही त्या गावाचं शून्य, आणि जिथे होऊ शकला असता पण यंदा झाला नाही त्या गावाचं. डायन लॅम्बर्ट यांनी 1992 मध्ये ते मांडलं ते कारखान्यातल्या दोषांसाठी. यंत्र नीट लागलेलं असलं की दोष येतच नाहीत, बिघडलं की पॉयसनप्रमाणे येतात. माकडतापाला विषाणू अजून पोचलाच नाही असं गाव खरोखर असू शकतं.

लेप्टोत तसं गाव मला दाखवा. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतही उंदीर आहेत आणि पावसाचं पाणी साचतं. नुसती शून्यं जास्त आहेत एवढ्यावर ते मॉडेल घेऊ नये, निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये आपोआप बरीच शून्यं येतात. माझ्या दहा गावांत सात शून्यं होती, ती झुबक्यांमुळे.

तिलारी

पण काकांनीच सांगितलं ना, पथक गेलंच नाही तिथे शून्य लिहिलेलं असतं. ती दुसरी जात झालीच की!

कातळसडा

हे मान्य. मी आजाराच्या बाजूने विचार करत होतो, तुम्ही नोंदीच्या बाजूने. तपासणी पोचली का याची चल असेल, उदाहरणार्थ गावातून किती नमुने गेले, तर शून्याच्या भागात ती घालून मॉडेल बसवण्यात अर्थ आहे. ती नसेल तर मी अजूनही निगेटिव्ह बायनॉमियलवरच थांबेन.

तुमच्या माकडतापात रुग्ण मोजकेच असणार. मृत्यू किंवा गंभीर आजार यावर लॉजिस्टिक लावलंत आणि सगळे गंभीर रुग्ण बागेत जाणारेच निघाले, तर सहगुणक अनंताकडे पळतो. सॉफ्टवेअर एखादा अवाढव्य आकडा छापतं आणि माणूस तो प्रबंधात लिहितो. तिथे सहगुणकाला आवर घालणारी फर्थची 1993 ची दुरुस्ती वापरा.

तरवा

आठवडाभर गायब होते, माफ करा. सायकलस्वार काकांचं लिहिणं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून उपकेंद्रांवर फिरले. आरोग्यसेविका ताईंनी वाटपाच्या वह्या काढून दिल्या. त्यात तारखा आहेत, वाडी आहे, किती गोळ्या दिल्या तेही आहे. सगळ्या गावांच्या मिळाल्या नाहीत, निम्म्याहून थोड्या जास्त मिळाल्या.

तक्ता नव्याने मांडला. आता एक ओळ म्हणजे एक गाव आणि एक आठवडा. गोळी त्या आठवड्याच्या दोन आठवडे आधी पोचली होती का हा रकाना, कारण त्याआधीच्या रुग्णांना संसर्ग आधीच झालेला असणार. मागच्या आठवड्यांचा पाऊस, लावणीचे आठवडे, गावाला रँडम इफेक्ट. निगेटिव्ह बायनॉमियलच ठेवलं. पहिल्यांदाच गोळ्यांचा आकडा 1 च्या खाली गेला! इंटरव्हल अजून 1 ला ओलांडतोय, पण दिशा बदलली. मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून रडले.

सुरंगी

तुझा आनंद समजतो, आणि वह्या शोधायला गेलीस याचं फार कौतुक वाटतं. तरी आता उलट्या बाजूची चूक होऊ नये म्हणून सांगते.

गोळ्या गेल्या त्या रुग्ण अचानक वाढलेल्या आठवड्यानंतर. असा उंच आठवडा उलटला की पुढचे आठवडे बहुधा आपोआप खाली येतात, गोळी दिली काय नि न दिली काय. गॅल्टनने 1886 मध्ये उंच आईवडलांची मुलं सरासरीकडे झुकतात हे दाखवलं, रिग्रेशन हे नाव तिथूनच आलं. तुझ्या गोळीला मिळालेलं श्रेय त्या झुकण्याचंही असू शकतं. तपासायचं असं: तेवढीच वाढ झालेली पण साठा न पोचल्यामुळे गोळ्या उशिरा मिळालेली गावं काढ, आणि त्यांच्यात रुग्ण कसे उतरले ते शेजारी मांड. काका म्हणाले ना, साठा नसला तर थांबावं लागायचं. तो उशीर तुझ्या कामाचा आहे.

सायकलस्वार

साठा कधी आला त्याची नोंद उपकेंद्राच्या वहीत मिळायची नाही. ती तालुक्याच्या औषध भांडाराच्या नोंदवहीत असते, आवक-जावक. माझ्या वेळच्या दोन पावसाळ्यांत गोळ्या संपून पथकं थांबली होती. कोणत्या गावांना उशीर झाला ते मला तोंडपाठ आहे, पण तू माझ्या आठवणीवर जाऊ नकोस, वही बघ. सोमवारी भांडार उघडं असतं. मी येतो बरोबर.

तरवा

येते काका. सकाळच्या एसटीने. आईने तुमच्यासाठी नवे पोहे कांडून ठेवलेत.